बरं वाटलं की द्या

आमच्या लेकीला डॉक्टर करताना तिच्या बाबांचा प्लॉट गेला, माझ्या पाटल्या गेल्या आणि उरलेलं बँकेने दिलं. तेवढ्या वर्षांत धाकटा फ्रिज दुरुस्ती शिकला, स्कूटर घेऊन मोकळा झाला. आता बहिणीच्या पेट्रोलचे पैसे तोच देतो.

लेक दिवसभर हॉस्पिटलात राबते. संध्याकाळी गल्लीच्या टोकाला स्वतःचा दवाखाना उघडते. एकच खोली, मध्ये हिरवा पडदा. पेशंट बाकावर मावत नाहीत आणि गल्ल्यात चिल्लर! कारण आमच्या बाईसाहेब फी कशी मागतात? तर मान खाली घालून, "बरं वाटलं की द्या." अगं, बरं वाटलेला माणूस दवाखान्यात कशाला येईल?

"ताई, मी फ्रिजचं दार उघडायचे दोनशे घेतो," धाकटा म्हणतो. "तू माणसाचं तोंड उघडतेस, तेही फुकट!"

"फ्रिजला ताप येत नाही रे," ती म्हणते.

हसू येतं, पण हा महिना शेवटचा. भाडं आणि हप्ता निघाला नाही तर दवाखाना बंद करून ती हॉस्पिटलची रात्रपाळीही घेणार. आत्ताच तिला हातात घास धरून डुलकी लागते. दोन पाळ्या केल्या तर तिलाच सलाईन लावावं लागेल.

म्हणून परवा मीच पदर खोचून गल्ल्यावर बसले. पहिल्या दोघांकडून चोख पैसे घेतले. तिसऱ्या शिंपीणकाकू, नातवाला कडेवर घेऊन. पोर तापाने फणफणलेलं. लेकीने अर्धा तास तपासलं, औषधही आपल्याजवळचंच दिलं. काकू बाहेर आल्या, बटव्याची गाठ सोडायला लागल्या.

"किती द्यायचे हो वहिनी?"

यांनी माझं बाळंतपण काढलेलं.

"राहू द्या हो," मी म्हणाले. "बरं वाटलं की द्या."

पडद्याआड लेक खो खो हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण ओरडणार कोणावर?

कालपासून धाकट्याला बसवलंय. कोणाचा कोण, काही बघत नाही. आज माझं डोकं गरगरत होतं म्हणून लेकीने ब्लडप्रेशर बघितलं. बाहेर आले तर त्याने हात पुढे केला.

"आई, दोनशे."

"अरे मेल्या, जन्म दिलाय तुला!"

"त्याची पावती आहे का?"

दिले. रात्रपाळीपेक्षा स्वस्त पडले.