पोटावरचा हात

बदलीची सिस्टर आलीच नव्हती, त्यामुळे सकाळपासून मी उभी होते. सोलापूरचा मे महिना, आणि प्रसूतिगृहातला पंखा नुसता आवाज करायला. कुंभारी गावची एक बाई नुकतीच बाळंत झाली होती, चौथ्यांदा. बाळाला घेऊन सगळे बाहेर गेले. मी तिचं पोट चोळत राहिले.

तिची सासू दारातून ओरडली, "मोकळी झाली की! आता कशाला पोट रगडताय?"

"तुम्ही बाळ बघा, हिला मी बघते," मी खेकसले. समजावून सांगायचं त्राण नव्हतं. गर्भाशय म्हणजे स्नायूच. त्याचे तंतू उभेआडवे विणलेले असतात आणि त्यांच्या मधून रक्तवाहिन्या जातात. बाळ बाहेर आलं की तो आकसतो, तंतू आवळतात आणि रक्त थांबतं. तो दमून ढिला पडला, तर बाई हातची जाते.

हिचा दमला होता. इंजेक्शन देऊनही चोळलं की आवळायचा, हात थांबला की सैल पडायचा. इकडे माझ्या पोटऱ्यांत गोळे येत होते. म्हणजे नको तो स्नायू आवळत होता आणि हवा तो नाही.

शेवटी हाताखाली तो चेंडूसारखा कडक झाला, आणि तसाच राहिला. रक्तही थांबलं. मला वाटलं, तिला झोप लागली.

"बाई, सकाळधरनं तुमीच हाय की," ती डोळे मिटूनच म्हणाली. "बसा की जरा."

दिवसभरात मला बस म्हणणारी ती एकटीच. मी तिच्या खाटेच्या कडेवर बसले. हात तेवढा काढला नाही.