गुडघा, जिल्सन आणि खो

"उकिडवं बसणं आता कायमचं बंद," असं डॉक्टरबाईंनी एमआरआय दाखवत सांगितलं, आणि त्याच दमात म्हणाल्या, "बाकी यू आर ग्रँड."

मेनिस्कस टेअर. मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातल्या हाडांमधली गादी. माझी फाटली होती. आयर्लंडमध्ये, ल्यूकनला लेकीच्या घरी जिना उतरताना कट् असा आवाज आला, एवढंच निमित्त.

सांगलीच्या बहिणीला फोनवर कळवलं, "ग्रँड आहे म्हणाल्या." तिला वाटलं, केवढं तरी मोठं दुखणं. तिने देव पाण्यात ठेवले. खरं तर मलाही तसंच वाटलं होतं. इथे ग्रँड म्हणजे 'ठीक आहे, चालायचंच', हे नातीने आठवड्याने सांगितलं. तोवर देव बुडालेलेच.

ज्यांचे गुडघे बोलायला लागलेत त्यांना सांगते, ऑपरेशनला घाबरू नका. दुर्बिणीतून करतात, त्याच दिवशी घरी पाठवतात. अवघड ती नंतरची फिजिओथेरपी, म्हणजे स्नायूंना पुन्हा बालवाडीत घालणं.

तिथल्या वेटिंग रूममध्ये दर मंगळवारी शेजारी जिल्सन असायचा. ब्राझीलचा, चौतीस वर्षांचा, फुटबॉलमधला डिफेंडर, म्हणजे गोल करायला आलेल्याला अडवणारा. एकोणिसाव्या वर्षी पोर्तुगालला आला, मग पोलंड, मग इथे. गुडघ्याचं हे तिसरं ऑपरेशन. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच लंगडं, म्हणून आमचं छान जमलं. आईच्या हातचा काळ्या घेवड्याचा रस्सा आठवतो म्हणायचा. आणि त्याहून जास्त, मॅचच्या आधीचा ओल्या गवताचा वास.

मला मातीचा आठवतो. मी खो-खो खेळायचे. उकिडवं बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणायचं. ती उठून धावते, आपण तिच्या जागी बसायचं. हे मी त्याला हातवारे करून समजावलं.

"व्हाय स्टॉप?" त्याने विचारलं.

गेली पंचेचाळीस वर्षं मी जगाला सांगत आले की सासरच्यांनी खेळू दिलं नाही. बिचारी सासू. खरं असं, की जिल्ह्याच्या संघात पहिल्या नऊ जणींत माझं नाव आलं नाही. राखीव बसायला सांगितलं, तर ही महाराणी बूट तिथेच टाकून घरी आली. लग्न त्यानंतर दोन वर्षांनी झालं.

पुढच्या मंगळवारी जिल्सन बातमी घेऊनच आला. आता खेळता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. क्लब म्हणत होता, लहान मुलांना शिकव. "आय एम डिफेंडर. नॉट टीचर," एवढं बोलून त्याने तोंड फिरवलं. तो चेहरा ओळखीचा होता. मी तेव्हा अशीच दिसत असणार, फक्त दोन वेण्या जास्त.

माझ्या मोडक्या इंग्रजीत मी म्हटलं, "रुसून बस खुशाल. पण मग जन्मभर खोटं बोलावं लागतं, आणि त्याने फार दमायला होतं."

तो हसला नाही. नंतर दोन मंगळवार आलाही नाही.

उकिडवं बसायची ओढ माझी अजून जात नाही. टीव्हीवर खो-खो लागला की पाय आपोआप दुमडू पाहतात, गुडघा कुरकुरतो.

शेवटच्या मंगळवारी माझं नाव पुकारलं, तेवढ्यात पाठीवर थाप बसली.

"खो."

क्लबचं जॅकेट, गळ्यात शिट्टी. मी खुर्चीचा हात न धरता उठले. दारातून मागे पाहिलं, तर तो माझ्याच जागेवर बसला होता, नियमाप्रमाणे.