चेहरा निवळला तेव्हा

"घे, वरचं देवाचं," म्हणत मावशी तोललेल्या भाजीवर आणखी एक वांगं टाकायची. आपली एव्हरशाईन वसाहत नुकती वसत होती तेव्हा ती गिरीज गावच्या वाडीतली भाजी घेऊन माझ्या औषधांच्या दुकानाच्या पायरीवर बसे. तुमच्यातल्या जुन्या रहिवाशांनी तिला पाहिलं असेल.

तिच्या नाकाशेजारी तांबूस, खवल्यांचा डाग होता. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कातडीचा कॅन्सर, पण वरवरचा. मलम लिहून दिलं. ते मीच मागवून दिलं.

दोन आठवड्यांत गाल पेटला. लाल, ओला, मग खपल्या.

"दुखतं का, मावशी?"

"जळतं रे. पन डॉक्टर बोललाय, असंच होनार. वाईट कातडी जळायला पायजे. मधेच सोडायचं नाय."

तिला नीट कळलं होतं. मलाही. पण गिऱ्हाइकं पायरीशी थबकू लागली. एका बाईंनी मुलाला मागे ओढलं. "महारोग आहे का हो हिला? इथं कशी बसू देता?" आणि त्या समोरच्या दुकानात गेल्या. मावशीची वांगीही तशीच परत गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या हातात वेगळी ट्यूब ठेवली. लालीवर, खाजेवर आम्ही सर्रास देतो ती, स्टेरॉइडची. तिने लाली दबते, आतला रोग नाही.

"जुनं बंद करा. तुम्हाला मानवत नाही ते."

"डॉक्टरला इचारू?"

"मी सांगतोय ना."

आठवड्यात चेहरा निवळला. गिऱ्हाइकं परतली. मावशीने केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी, घरी वाळवलेली केळी, आणली. "तुझ्या हाताला गुन आहे." ती मी खाल्ली.

वर्षभराने डाग उलटला, या वेळी डोळ्याकडे सरकत. मावशी तीच ट्यूब मागू लागली. "संपलीय. मुंबईला दाखवा," एवढंच मी म्हणालो. का, ते सांगितलं नाही. ऑपरेशनमध्ये नाकाची एक बाजू गेली.

त्यानंतर ती आली ती पदर नाकावरून घेऊन, त्याचं टोक दातांत धरून. पाटी उतरवली रस्त्यापलीकडे, उन्हात. मी धावत गेलो.

"मावशी, पायरीवर बसा ना."

"नको." ती मेथीच्या जुड्या मांडत राहिली. "तेव्हा तू ट्यूब दिलीस ती पायरीसाठीच. मला ठाऊक होतं. माझीपन भाजी खपत नव्हती, म्हनून घेतली."

 मी तिथंच उभा राहिलो. तिने पदर सावरला आणि वर पाहिलं.

"काय घेनार? अजून बोनी नाय झाली."