रांगेतली शेवटची

“भागो,” मी ओरडले, पण एकही पोर रांगेतून हललं नाही. पिपलानीतल्या कारखान्याच्या वसाहतीत, एका रिकाम्या क्वार्टरमध्ये आमची बालवाडी होती. पावसानं भिजलेल्या छताचे पोपडे खाली पडत होते आणि पोरं पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत उभी होती. मीच तसं शिकवलं होतं, मावशीची, म्हणजे माझी, घंटी वाजल्याशिवाय पाय उचलायचा नाही. रांगेच्या शेवटी नेहमी एकच मुलगी असायची, कारण सगळ्यांत शहाणी ती, आणि शेवटचं पोर शहाणं असलं की रांग मोडत नाही. पुढचा मुलगा चुळबुळला तशी ती त्याला म्हणाली, “हिलना मत, मावशी रागावेल.” घंटी दाराजवळच्या कपाटावर होती. मी ती काढून वाजवली तेव्हा पोरं ओळीनं बाहेर पडली, आणि शेवटची ती मुलगी दाराशी पोचायच्या आत छत कोसळलं. तिच्या आईनं मला एवढंच विचारलं, “रांगेत नीट उभी होती ना?” मी हो म्हटलं. ओल्या चुन्याचा वास आला की अजून तो प्रश्न ऐकू येतो. तिच्या पुढची सगळी पोरं वाचली, आणि दाराशी होते म्हणून मीही वाचले.