केळ्याचं दूध आणि पोळी
त्या फुगीर पोटाच्या कोरियन बाटलीचं झाकण निघालं, की केळ्याच्या गोडसर वासाबरोबर परदेशातल्या आमच्या केलीव्हिलच्या घरातली एक दुपार आठवते. पुण्याहून आलेल्या सासूबाई नातीसाठी हौसेने शिकरण-पोळी करायच्या आणि माझी लेक 'यक, आजी' म्हणत ताट सरकवायची. त्या दुपारी तिची कोरियन मैत्रीण केळ्याच्या दुधाच्या बाटल्या घेऊन आली. तिच्या आजीच्या काळी कोरियात केळं म्हणजे चैन, म्हणून नुसत्या केळ्याच्या चवीचं दूध निघालं आणि घराघरात पोचलं, असं ती कौतुकाने सांगत होती. सासूबाईंनी घोटभर चाखलं, उरलेलं वाटीत ओतलं, वर केळं चिरलं आणि गरम पोळीसोबत त्या मैत्रिणीपुढेच ठेवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मात्र पोळी बुडवून खाल्ली, बोटं चाटली आणि इंग्रजीत विचारलं, "अजून मिळेल?" लेकीने आपली वाटी पुढे केली. "आजी, मलापण." सासूबाई पुन्हा कणीक भिजवायला उठल्या, त्या ताठ मानेने. लेक आता घरापासून दूर, टूवूंबाला युनिव्हर्सिटीत शिकते. परवा तिने फोटो पाठवला: तीच बाटली, वाटी, शेजारी वेडीवाकडी पोळी. खाली लिहिलं होतं, 'आजीला दाखव.'