शेवटचे वाक्य न गाळणाऱ्या सुजाताताई

सुजाताताई साळवी यांना मी पहिल्यांदा पाहिले ते कारखान्याच्या प्रशिक्षण वर्गात. महाडच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्या बनवणारा जपानी कारखाना नुकताच उभा राहिला होता आणि वरंध, पोलादपूरकडची आम्ही माणसे तिथे कामाला लागलो होतो. यामादा नावाचे अभियंते बोलत होते आणि शेजारी सुती साडीतल्या एक बाई ते मराठीत सांगत होत्या. मध्येच यामादासाहेब हसले. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेबांनी विनोद केलाय, पण तो मराठीत येत नाही." आम्ही सगळे त्यावरच हसलो. साहेबांना वाटले, विनोद जमला. ताईंनी त्यांनाही खरे काय ते सांगून टाकले.

ताई महाडच्याच. गावातल्या बुद्धविहारात एक जपानी भिक्खू काही काळ राहिले होते. त्यांच्याकडून शाळकरी वयात ताईंनी पहिली अक्षरे गिरवली. पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या जपानला गेल्या, तिथे बरीच वर्षे दुभाष्याचे काम केले आणि आईच्या आजारपणात परत आल्या त्या कायमच्या. कारखाना आला तेव्हा या तालुक्यात दोन्ही बाजूंचे बोलणे कळणारे एकच माणूस होते. यंत्रावर आमचा हात बसेपर्यंत त्या आमच्याशेजारी तासन्‌तास उभ्या राहत.

बॅटरीच्या आतल्या मालाला हवेतला ओलावा चालत नाही. त्यामुळे बाहेर सावित्रीच्या खोऱ्यात पाऊस कोसळत असताना आम्ही आत हवा सुकवलेल्या खोलीत काम करायचो. ओठ फुटायचे, नाकातून रक्त यायचे. एकदा पोलादपूरचा दिलीप यामादासाहेबांसमोर तडकला. "त्यांना सांगा, माणूस हाय मी. वाळत घातलेला पापड नाय." आम्हाला वाटले, ताई हे सौम्य करून सांगतील. त्यांनी शब्दन्‌शब्द सांगितला; पापड म्हणजे काय, तेही समजावले. पुढच्या आठवड्यापासून आम्हाला मधल्या वेळी बाहेर येऊन बसण्याची सुट्टी मिळू लागली.

पण ज्या दिवसासाठी हा परिसर ताईंना विसरणार नाही, तो दिवस जुलैमधला. पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता आणि सावित्रीचे पाणी नाल्यातून उलटे चढत कारखान्याच्या मागच्या आवारात शिरू लागले होते. तिथल्या सखल शेडमध्ये बॅटरीत भरायच्या द्रावणाची पिंपे होती. दुपारी व्यवस्थापकांनी आम्हाला आवारात बोलावले. पिंपे वर हलवायची होती. तेवढ्यात यामादासाहेब शेडमधून भिजत आले आणि भरभर काही बोलले. ताईंचा चेहरा बदलला. आमचे व्यवस्थापक इथलेच होते, पण त्यांना जपानी बरे समजायचे. त्यांनी ताईंना बाजूला घेतले. मी ढकलगाडी धरून जवळच उभा होतो.

"मॅडम, पिंपं हलवायची आहेत एवढंच सांगा. शेवटचं वाक्य राहू द्या. माणसं घाबरली तर कोणी आत जाणार नाही."

"ते वाक्य त्यांच्यासाठीच आहे," ताई म्हणाल्या.

मग त्या आमच्याकडे वळल्या. "साहेब म्हणतायत, पिंपं वर हलवायला हवी होती. पण काही पिंपांना चीर गेली आहे. त्या द्रावणाला पाणी लागलं की विषारी वायू होतो. तो छातीत गेला तर माणूस लगेच पडत नाही, काही तासांनी पडतो. योग्य मुखवटे नसतील तर एकालाही आत पाठवू नका. आणि तसे मुखवटे आज इथे नाहीत."

मी ढकलगाडीवरचा हात काढला. व्यवस्थापक ताईंना म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." ताईंनी मान हलवली आणि यामादासाहेबांना एक प्रश्न विचारला. साहेबांनी भिंतीपलीकडच्या वाडीकडे पाहिले आणि एकच शब्द उच्चारला. ताई म्हणाल्या, "वाडी रिकामी करायची. चला."

गुडघाभर पाण्यातून आम्ही त्यांच्या मागे गेलो. वाडीतल्या पार्वतीआजी हलायला तयार नव्हत्या. "पूर काय आज बघतोय काय गो? माळ्यावर बसू आमी."

"आजी, पाण्यासाठी नाही आले. त्या शेडमधून विषारी वास येणार आहे. तो माळ्यावरही येईल."

आजी उठल्या, तशी वाडी उठली. टेकडावरच्या शाळेत आम्ही पोचलो आणि थोड्याच वेळात तो उग्र वास तिथवर आला. डोळे चुरचुरू लागले. शेडमध्ये कोणी नव्हते. वाडीतही कोणी नसायला हवे होते, पण आजींचा मुलगा शेळ्या सोडायला नजर चुकवून परत गेला होता. तो कित्येक दिवस इस्पितळात होता आणि आजही चढण चढताना मध्येच थांबतो. ताई अजूनही दर रविवारी त्याच्याकडे जातात.

त्यानंतरचे दिवस त्यांच्यासाठी सोपे नव्हते. कारखाना बंद पडला. त्याच्या भरवशावर मुंबई सोडून आलेली माणसे घरी बसली. बाजारात ओळखीचे लोक ताईंकडे पाठ फिरवत. एक जण तर दारात येऊन म्हणाला, "तुमच्यामुळं आमचं काम गेलं." ताई म्हणाल्या, "तुमचा राग खरा आहे. आत या, बसून बोलू." तो बसला नाही.

पुढे यामादासाहेबांनी वरिष्ठांसमोर घडले ते सगळे सांगितले. शेड उंचावर गेली, मराठीत सूचना लागल्या, मुखवटे आले, कारखाना सुरू झाला. ताईंना परत बोलावणे आले. दुभाष्याला व्यवस्थापकाच्या हाताखाली ठेवू नये, एवढी एकच अट त्यांनी घातली. ती मान्य झाली नाही, म्हणून त्या गेल्या नाहीत. आज त्यांच्या घरी आम्ही कामगार संध्याकाळी जपानी शिकायला बसतो. आमच्या पाळीच्या सुरक्षा बैठकीत आता साहेब काय म्हणतात ते मी सांगतो. दिलीप माझ्या चुका काढतो.

सगळे नीट झाले, असे मात्र म्हणवत नाही. त्या दिवसानंतर वाडीतल्या विहिरीचे पाणी प्यावे की नाही, याचे सरळ उत्तर अजून कोणी देत नाही. वाडी टँकरवर आहे. आता कारखान्याचा दुसरा भाग उभा राहायचा आहे आणि त्याची जनसुनावणी जवळ आली आहे. आमच्यातल्या निम्म्यांना तो हवा आहे, निम्म्यांना नको आहे, आणि एकाच घरात दोन्ही मते आहेत. दोन्ही बाजूंनी ताईंनाच येऊन सांगितले आहे, की त्या दिवशी तुम्हीच बोला. त्यांनी होकार दिला आहे.

साठी पूर्ण करणाऱ्या आमच्या ताईंना उत्तम प्रकृती लाभो, त्यांचा श्वास आणि आवाज पुढची कितीतरी वर्षे असाच स्वच्छ राहो. या शुभेच्छेत आमचा स्वार्थ आहे, हे आम्ही लपवत नाही. आम्हाला अजून पुष्कळ ऐकायचे आहे, आणि ते पूर्ण ऐकायचे आहे.