दाराजवळचं ताट

लातुरात आमच्या मेसच्या मावशी भूकंपापासून जेवणाच्या खोलीला कधी कडी लावत नाहीत. क्लासला आलेल्या नव्या पोराला दाराजवळ बसवतात. "जमीन हालली की पळ, ताट राहू दे." मी शिक्षक झालो तरी माझी जागा तिथंच आहे.

मेसमागच्या मैदानाला कुंपण घालून चालायला आणि सायकलीसाठी ट्रॅक होणार म्हणून नगरपालिकेनं सभा घेतली. मावशी उठल्या. "कुंपण घालू नका. हालल्यावर लेकरं मोकळ्यात कशी येतील?"

सभा हसली. माझ्या शेजारी बसलेले आमच्या शाळेचे मुख्याध्यापकही हसले.

"सांग की रे, सर," मावशी मला म्हणाल्या.

मी खाली पाहिलं.

"त्याचा घसा बसलाय," त्यांनीच लोकांना सांगितलं.

संध्याकाळी माझं ताट दाराजवळच होतं. शेजारी गुळण्यांसाठी मिठाचं गरम पाणी.